आधी मोडणारा हात थांबवा

झाडं लावायला निघालेल्या लातूर-नांदेडच्या तरुणांना माझा पहिला सल्ला असा, की यंदाच्या जुलैत खड्डे खणू नका. त्याऐवजी तुमच्या कॉलेजने किंवा ग्रामपंचायतीने मागच्या जुलैत लावलेली रोपं मोजून या. जगली किती, शेळ्यांनी खाल्ली किती, आणि खड्डासुद्धा सापडत नाही अशी किती, हे वहीत लिहा. हा हिशोब हाती आला की पुढच्या निम्म्या चुका टळतात.

पर्यावरणाची हानी भरून काढायची म्हणजे काहीतरी नवं उभारायचं, असा आपल्याकडे समज आहे. नवी रोपं, नवा बंधारा, नवा फलक. खरं काम वेगळ्या ठिकाणी सुरू होतं. जे बिघडलंय ते कशाने बिघडलं आणि ते कारण आजही चालू आहे का, हे आधी शोधायचं. चालू असेल तर ते थांबवायचं. त्यानंतर निसर्गाला लागेल तेवढीच मदत करायची. बहुतेक मोहिमा ही पहिली पायरीच गाळतात, कारण तिथे फोटो निघत नाही आणि कुणाशीतरी वाईटपणा घ्यावा लागतो.

नांदेडची गोदावरी पाहा. शहराच्या वर विष्णुपुरीचा बंधारा आहे, शंकरसागर जलाशय आहे. पावसाळा सरला की खाली वाहणारं पाणी जवळपास थांबतं. त्याच खालच्या पात्रात बंदाघाट, नगिनाघाट, गोवर्धनघाट आहेत आणि शहराचे नालेही तिथेच उतरतात. साचलेलं पाणी आणि त्यात सांडपाण्याचं खत, जलपर्णीला दुसरं काय हवं? दरवर्षी कुणीतरी उत्साहाने जलपर्णी काढतं, काठावर ढीग लावतं, आणि काही आठवड्यांत पात्र पुन्हा हिरवंगार दिसतं. जलपर्णी काढू नका असं मी म्हणत नाही. फुलं यायच्या आधी काढा, काठापासून लांब नेऊन कुजवा. पण त्याच्या जोडीला एक काम करा, जे दहा-बारा पोरांच्या गटाला सहज जमतं. शहरातल्या पात्राच्या काठाने चालत जा आणि नदीत उतरणारा प्रत्येक नाला नकाशावर टिपा. ठिकाण, रंग, वास, फेस, वेळ आणि तारखेसह फोटो. सकाळी आठला एकदा, दुपारी एकदा, सुट्टीच्या दिवशी एकदा. तीन महिने ही नोंद ठेवली की कोणत्या नाल्यात घरांचं सांडपाणी आहे, कोणत्यात एखाद्या धंद्याचं, हे दिसू लागतं. मग महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात ‘गोदामाई स्वच्छ करा’ असं मोघम निवेदन न देता ‘अमुक पुलाखालच्या नाल्याचं पाणी शुद्धीकरण केंद्राकडे का वळत नाही’ असं विचारता येतं. लेखी उत्तर हवं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

एक ताकीद इथेच देऊन ठेवतो. गोदावरीच्या काठी फिरताना रात्रीचा वाळूउपसा तुम्हाला दिसेल. वाळूच्या हायवा टिपरसमोर उभं राहू नका, व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका. ठिकाण आणि वेळ टिपा आणि गटाच्या सह्यांनी तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या. शौर्य दाखवायची ही जागा नव्हे.

आता लातूरकडे येऊ. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वॅगन, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वॅगनच्या गाड्या आल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. त्याआधी महिनाभर पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. आज कॉलेजात असणारी पोरं तेव्हा प्राथमिक शाळेत होती, घागरीच्या रांगेतली उन्हं त्यांना आठवत असतील. त्याच उन्हाळ्यात ‘जलयुक्त लातूर’ नावाने लोकवर्गणी झाली आणि साई-नागझरी बंधाऱ्यांच्या पट्ट्यात मांजरेचं सुमारे १८ किलोमीटर पात्र गाळ काढून मोकळं केलं गेलं. पावसाळ्याच्या अखेरीस पाऊस कोसळला, मांजरा धरण भरलं, आणि लातूरकरांनी नि:श्वास सोडला.

इथे एक साधं गणित मांडतो. लातूरला वर्षाला सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर त्यातलं सत्तर हजार लिटर पाणी पडतं. उडालेलं, वाया गेलेलं वजा केलं तरी पन्नास-पंचावन्न हजार लिटर हाती लागतं. मिरजेहून आलेल्या एका वॅगनमध्ये साधारण एवढंच पाणी होतं. म्हणजे प्रत्येक बऱ्यापैकी घराच्या डोक्यावर दरवर्षी एक वॅगन पाणी येऊन गटारात जातं.

म्हणून शहरातल्या गटांनी हात घालावा असं पहिलं काम म्हणजे छपराचं पाणी बोअरला किंवा आडाला देणं. प्लंबर आणि गवंडी मिळून दोन-तीन दिवसांत करतात. स्लॅबचे पाइप एकत्र आणायचे. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह ठेवायचा, कारण त्यात धूळ आणि पाखरांची विष्ठा असते. मग बोअरभोवती खड्डा घेऊन खाली मोठे दगड, वर खडी, वर जाड वाळू अशी गाळणी करायची. रस्त्याचं किंवा शेताचं पाणी मात्र थेट बोअरमध्ये कधीही सोडू नका. त्यातलं तेल, औषध, मलमूत्र खडकातल्या पाण्यात एकदा गेलं की परत काढता येत नाही. तुमच्या गल्लीतल्या दहा घरांना हे करून द्या. गवंड्याबरोबर राहून शिकलात तर पावसाळ्याआधीचे दोन महिने हा चांगला धंदाही होतो, आणि त्यात लाजायचं काही कारण नाही.

गावाकडचं काम ओढ्यापासून सुरू होतं. मांजरा नदी बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या डोंगरात उगवते, लातूर जिल्हा ओलांडते, कर्नाटकात बिदरकडे जाते, तेलंगणात शिरते आणि पुन्हा नांदेड जिल्ह्याच्या कडेला कुंडलवाडीजवळ गोदावरीला मिळते. सातशेहून जास्त किलोमीटरचा हा फेरा आहे. लातूरने नदीत टाकलेलं तीन राज्यं हिंडून नांदेडच्या वाट्याला येऊ शकतं. मधे सिंगूर आणि निजामसागर धरणं आहेत म्हणून आपलं थोडं झाकून जातं, एवढंच. एवढी मोठी नदी कुठल्याही एका गटाच्या आवाक्यातली नाही. तिला मिळणारा तुमच्या शिवारातला दोन-तीन किलोमीटरचा ओढा मात्र आहे.

ओढा म्हटला की पहिली मागणी पोकलेनची होते. जरा थांबा. जलयुक्त शिवार अभियानाच्या काळात मराठवाड्यात नाला खोलीकरणाचा सपाटा लागला, तेव्हा अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी त्या अशास्त्रीय खोदकामाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली होती. त्यांचा आक्षेप समजून घेण्यासारखा आहे. आपला बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. वर माती, खाली मुरूम, त्याखाली कठीण खडक. पावसाचं पाणी मुरमाच्या आणि भेगाळलेल्या खडकाच्या थरात थांबतं आणि तेच विहिरीला पाझरतं. ओढा प्रमाणाबाहेर खोल केला की काठच्या विहिरींचं पाणीच ओढ्यात उतरतं. फोटोत ओढा तुडुंब दिसतो आणि मार्चमध्ये शेजारची विहीर तळ गाठते. तेव्हा नियम साधा ठेवा. साचलेला गाळ काढा, वाळू आणि मुरूम जागेवर राहू द्या. गाळ न्यायची परवानगी तहसीलमधून आधी घ्या. तो गाळ हलक्या, मुरमाड रानात पातळ थराने पसरायचा. आधीच भारी काळ्या जमिनीवर टाकून फायदा नाही.

आणि ओढ्याच्या आधी त्याच्या डोक्याकडे जा. जिथून पाणी सुरू होतं त्या माळावर, उतारावर काय झालंय ते पाहा. बांध फुटलेत का, पाणंद रस्त्याने पाण्याची वाट बदलली का, ओढ्याचं पात्र नांगरून कुणी शेतात घेतलं का. गाव नकाशात ओढा किती रुंद दाखवलाय आणि आज प्रत्यक्षात किती उरलाय, हे शेजारी ठेवून पाहिलं की बरंच कळतं. गूगल अर्थवर तुमच्या शिवाराची दहा-पंधरा वर्षांपूर्वीची चित्रंही फुकट दिसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने हसनाळ, रावणगाव यांसारखी गावं पाण्याखाली गेली, माणसं दगावली. एवढ्या पावसापुढे कुणाचंच चालत नाही हे खरं. पण पाण्याची वाट अडलेली असेल तर लहान पाऊसही घरात येतो. ज्या भागाने रेल्वेचं पाणी पाहिलं, त्यालाच आता पुराची तयारी करायची आहे, आणि दोन्हींचं उत्तर डोंगराच्या उतारावर पाणी हळू करण्यातच आहे.

पोरांच्या हातांनी एका दिवसात होणारं काम म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती, ओढ्यातलीच माती, सुतळी आणि वीस माणसं. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये, ओढ्याला थोडं वाहतं पाणी असतानाच हा घालायचा. जागा अरुंद आणि दोन्ही काठ पक्के असलेली निवडा. पोत्यांची तोंडं शिवून, विटांच्या बांधकामासारखे सांधे मोडत, दोन रांगा रचा आणि मधे चिकणमाती ठासा. तीन-चार फुटांपेक्षा उंच जाऊ नका. रब्बीत आजूबाजूच्या विहिरींना त्याचा फरक दिसतो, जनावरांना पाणी होतं. पण मे महिन्यात पोती उचलायला परत जा. ती तशीच सोडली तर जूनच्या पहिल्या पुरात सगळं प्लास्टिक नदीत जातं, आणि हे जवळपास कुणीच सांगत नाही.

फरक दिसतो म्हटलं, पण तो मोजायला हवा. बंधाऱ्याच्या वरच्या-खालच्या पाच विहिरी धरा. दोरीला वजन बांधा, दोरीवर फुटाच्या खुणा करा. पावसाळा संपल्यावर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे अखेरीस पाणी किती खोल आहे ते लिहा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा अशाच मोजते. दोन वर्षांची अशी वही ग्रामसभेत ठेवली की बोलण्याला वजन येतं. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. ते गाव श्रमदानाने जितकं सावरलं तितकंच या हिशोबाने आणि शेतीसाठी बोअर वापरण्यावरच्या बंदीने.

झाडांविषयी मी सुरुवातीला कडक बोललो, म्हणून आता सविस्तर बोलतो. लातूर जिल्ह्यात जंगल क्षेत्र एक टक्काही नाही, महाराष्ट्रात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत तो मोडतो. नांदेडला किनवट-माहूरचं सागवानी जंगल आहे म्हणून आकडा बरा दिसतो, पण मुखेड, कंधार, देगलूरकडे चित्र लातूरसारखंच. झाडं लागणार आहेतच. प्रश्न कुठली, कुठे आणि पुढचे तीन उन्हाळे त्यांना पाणी कोण घालणार, हा आहे. लातूर शहरात ग्रीन लातूर वृक्ष टीमचे सदस्य वर्षानुवर्षं सकाळी श्रमदानाला जमतात. लावण्याइतकाच वेळ ते पाणी घालण्यात, आळी करण्यात, आधार बांधण्यात घालवतात. नक्कल करायची तर त्या चिकाटीची करा.

कडुनिंब, करंज, चिंच, वड, पिंपळ, उंबर, बेल, आपटा, शमी ही आपल्या मातीत रुजलेली झाडं. ओढ्याकाठी करंज, जांभूळ, अर्जुन. मुरमाड उतारावर बाभूळ, बोर, सीताफळ, पळस. यातली निम्मी रोपवाटिकेतून आणायचीही गरज नाही, बी टाकलं तरी येतात. लिंबोळी मात्र गोळा केल्यावर दोन-तीन आठवड्यांत पेरा, पुढे तिची उगवण झपाट्याने घटते. बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातून घ्या. शेळीच्या पोटातून आलेलं बी लवकर रुजतं, हे धनगरांना कृषी पदवीधरांच्या आधीपासून माहीत आहे. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट आहे, औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध, लोक त्याला संजीवनी बेट म्हणतात. पावसाळा सरताना जाणत्या वैदूला किंवा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना घेऊन एक दिवस तिथे चाला. मूळचं काय आणि उपरं काय, हे नर्सरीच्या यादीपेक्षा तिथे जास्त समजतं. काही उपटू नका मात्र.

सगळ्या माळावर झाडं लावण्याचा हट्टही सोडा. गवताळ माळरान ओसाड नसतं. तिथे काळवीट, कोल्हा, लांडगा, जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, आणि लाल कंधारी-देवणी जनावरांची चराई त्याच गवतावर झाली. अशा माळाला झाडांऐवजी चराईबंदीचे दोन पावसाळे द्या. पवन्या, मारवेल गवत आपोआप परत येतं, माती धरून ठेवतं. काहीही न लावता होणारी ही दुरुस्ती आहे, म्हणून तिला उद्घाटन मिळत नाही.

गाजरगवताचं थोडक्यात. फुलायच्या आधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. जिथे पीक नाही तिथे ते खाणारे मेक्सिकन भुंगे सोडता येतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात त्याची माहिती मिळते.

आता घरातला अवघड विषय. एका हेक्टर उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी लागतं. पावसाचा वाटा वजा केला तरी ते सव्वा कोटी लिटरच्या घरात जातं, म्हणजे पन्नास वॅगनच्या पाच रेल्वेगाड्या. हा हिशोब सांगून वडिलांशी भांडण करू नका. ऊस सोडा म्हटल्यावर कुणाचाच बाप ऐकत नाही, कारण हमखास पैसा देणारं दुसरं पीक तुम्ही त्याच्यापुढे ठेवलेलं नसतं. अर्ध्या एकरापासून सुरुवात करा. ठिबक मागा आणि पाचट जाळू देऊ नका. एक हेक्टर उसामागे आठ-दहा टन पाचट निघतं. ते सरीआड सरी पसरायचं आणि टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट, एक किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायचं. जमिनीत ओल टिकते, तण दबतं, खुरपणीचा खर्च वाचतो. शेजारच्या अर्ध्या एकरात जुनी पद्धत तशीच ठेवा. एक हंगाम गेला की वडील स्वतःच दोन्हीकडचे ऊस मोजतील.

राहिली ती लातूरच्या ट्यूशन एरियातली आणि नांदेडच्या श्यामनगर-बाबानगरातली पोरं. हजारोंनी आहेत, दिवसाचे बारा तास अभ्यासात, आणि श्रमदानाला वेळ नाही हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्यांच्यासाठी ओढा नाही, मेस आहे. ताटात टाकलेलं अन्न, पार्सलच्या पिशव्या, आरओ मशीनमधून एका लिटरमागे वाया जाणारं दोन-तीन लिटर पाणी. एका वसतिगृहाने आरओचं टाकाऊ पाणी संडासाच्या टाकीला जोडलं, मेसवाल्या मावशींशी बोलून ओला कचरा वेगळा ठेवला, तरी पुरे. लातूरचा कचरा वरवंटीच्या डेपोला जातो, आणि त्या डेपोशेजारी राहणाऱ्या माणसांनी तुमच्या निकालासाठी का सोसावं?

गट चालवायचा कसा, हे शेवटी. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाखालच्या चारही जिल्ह्यांतल्या कॉलेजांत ही योजना आहे. तुमच्या कार्यक्रम अधिकारी सरांना एकच विनंती करा: शिबिराचं गाव तीन वर्षं तेच ठेवा आणि त्या गावातला ओढाही तोच. पहिल्या वर्षीच्या पोरांनी मोजणी करावी, दुसऱ्या वर्षीच्यांनी काम, तिसऱ्या वर्षीच्यांनी डागडुजी. वही एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे गेली पाहिजे, नाहीतर प्रत्येक तुकडी पहिल्यापासून सुरू करते. ज्यांच्या गावात जुनी बारव बुजलीय त्यांनी तीच निवडावी. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन मोकळी केली आहे, एकदा पाहून या.

आणि फुकट श्रमदानावर सगळं ओढू नका. दगडी बांध, चर, रोपवाटिका ही कामं रोजगार हमीतून आणि पंचायतीच्या निधीतून होतात, त्यातून गावातल्या मजुराला पैसे मिळतात. त्यासाठी ते काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात असावं लागतं. आराखड्यात नाही तर निधी नाही. बहुतेक गावांत २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. तुमच्या ओढ्याची मोजणी, फोटो आणि पाच विहिरींची वही जोडून अर्ज सप्टेंबरमध्येच द्या, पोच घ्या, आणि त्या दिवशी गटातले सगळे जण सभेला हजर राहा. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या आणि गावच्या मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाला तिथे बोलायचा हक्क आहे.